तरोटा, गोवा पावडर आणि ट्यूब : कन्हानकाठी गजकर्णाचे घरगुती उपचार

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की कामठीची छावणी मागे पडते, नदीवरचा पूल येतो आणि पैलतीरावर पारशिवनी तालुक्यातील कन्हान हे गाव सुरू होते. ज्या नदीवरून गावाला नाव मिळाले ती छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्यात उगम पावते, पेंच आणि कोलार यांचे पाणी कामठीजवळ आपल्यात सामावून घेते आणि पुढे वैनगंगेला मिळते. नदीकाठचा दमटपणा, विदर्भाचा कडक उन्हाळा, त्याच्या पाठोपाठ येणारा पावसाळा आणि कोळशाच्या खाणींत व रेल्वेच्या कामावर घामाने भिजलेल्या कपड्यांत तासन्‌तास राबणारी माणसे एवढ्या गोष्टी एकत्र आल्या, की जांघेत, कमरेच्या नाडीखाली आणि काखेत उठणाऱ्या गजकर्णाला आणखी काही लागत नाही. गजकर्ण, नायटा किंवा या भागातील हिंदीच्या शेजारामुळे दाद म्हणून ओळखला जाणारा हा विकार एका विशिष्ट गटातील बुरशीमुळे होतो. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील केराटिन या चिवट प्रथिनावर जगते. ती एका बिंदूपासून सर्व दिशांना सारखी पसरत जाते, त्यामुळे मधला भाग निवळत जातो आणि लाल, खवलेदार कडा बाहेर सरकत राहते. गोल चकंदळ दिसते ते यामुळेच.

आयुर्वेदाच्या संहितांत हा विकार दद्रू या नावाने येतो आणि कुष्ठ या वर्गात मोडतो, मात्र तेथे कुष्ठ म्हणजे केवळ महारोग नसून त्वचेच्या अनेक विकारांचा मोठा समूह आहे. चरकसंहितेने दद्रूला अकरा क्षुद्रकुष्ठांत बसवले, तर सुश्रुताने त्याची गणना सात महाकुष्ठांत केली. वर्गीकरणातील हा मतभेद अभ्यासकांनी बहुधा पारिभाषिक म्हणून सोडून दिला असला, तरी एकदा बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या गजकर्णाचा अनुभव घेतलेला कोणीही सुश्रुताच्या बाजूने कौल देईल. लक्षणांविषयी दोन्ही परंपरांत फारसे अंतर नाही. खाज, लाली, पुटकुळ्या आणि वर उचललेले मंडल या खुणांवरून वैद्य रोग ओळखत, आणि घरातील वडीलधारी माणसेही तो याच खुणांवरून ओळखत आली.

उपचारांच्या यादीत जिचे स्थान सर्वांत पक्के राहिले, ती वनस्पती मात्र रानातून शोधून आणावी लागत नसे. पश्चिम महाराष्ट्रात टाकळा आणि विदर्भात तरोटा म्हणून ओळखले जाणारे हे रोप पहिल्या पावसानंतर पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला आणि उकिरड्याच्या आसपास आपोआप उगवते. कोवळ्या पानांची भाजी होते, आणि टंचाईच्या वर्षांत गरिबांच्या ताटात ती वारंवार येत असे. संस्कृतात त्याला चक्रमर्द, प्रपुन्नाड आणि एडगज ही नावे आहेत, आणि त्यांपैकी चक्रमर्द तर या चकंदळांना चिरडणारा म्हणूनच ओळखला गेला. हिवाळ्याच्या तोंडावर शेंगा वाळल्या की बिया काढून ठेवायच्या, त्या आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात भिजवून पाट्यावर वाटायच्या आणि खाजवून लाल झालेल्या जागेवर तो लेप लावायचा, अशी ही रीत होती. करंजाचे तेल, कडुनिंबाच्या पानांचा काढा आणि खोबरेल तेलात खललेले गंधक हे तिचे सोबती. या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते, आणि ते ज्या अँथ्राक्विनोन गटात मोडते त्या गटातील काही द्रव्ये बुरशीच्या वाढीला अटकाव करतात. आंबट ताकाचे काम वेगळे होते. आम्लामुळे मृत थर मऊ होऊन सुटू लागतो, आणि बुरशीचा निवास त्याच थरात असल्यामुळे तिचाही काही भाग त्याबरोबर निघून जातो.

घरगुती उपचाराचे यश आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी येथेच स्पष्ट होतात. लेपाने आग होई, कातडी सुटे, खाजेची जागा चुरचुरीने घेतली जाई, आणि हा प्रकार कित्येक आठवडे चालल्यावर खाज थांबली तर रोग गेला असे समजले जाई. खाज हीच घराची मोजपट्टी होती, आणि जोवर औषध स्वतः खाज दडपत नव्हते तोवर ही मोजपट्टी बऱ्यापैकी विश्वासार्ह होती.

याच तत्त्वावर चालणारे, पण तरोट्यापेक्षा कितीतरी जहाल औषध एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात मिळत असे. त्याला गोवा पावडर म्हणत. पिवळसर तपकिरी रंगाची ही भुकटी पोर्तुगीज गोव्यातून येई आणि तिचा मूळ पदार्थ काय, हे विकणाऱ्यांनाही सांगता येत नसे किंवा ते सांगत नसत. १८६४ साली मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी इंग्लंडमधील औषधशास्त्राच्या नियतकालिकातून तिच्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर दहाएक वर्षांनी ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी दाखवून दिले की, ही भुकटी म्हणजे त्यांच्या प्रांतातील अरारोबा या वृक्षाच्या खोडातील भेगांत साठणारे द्रव्य आहे. ब्राझील आणि गोवा या दोन्ही पोर्तुगीज वसाहती असल्यामुळे अटलांटिकपलीकडचे औषध मांडवीच्या काठी पोचले, तेथे त्याला गोव्याचे नाव चिकटले आणि ते भारतीय म्हणून जगाला ठाऊक झाले. १८७५ साली लंडनचे रसायनज्ञ अ‍ॅटफिल्ड यांनी तिचे पृथक्करण केले, आणि पुढे क्रायसारोबिन या नावाने तिचा शुद्ध अर्क औषधकोशांत दाखल झाला. त्यातील मुख्य द्रव्य रचनेने तरोट्याच्या बियांतील क्रायसोफॅनॉलचे जवळचे नातलग ठरले. लंडनचेच त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी हीच भुकटी सोरायसिस या दुसऱ्या चिवट विकारावर गुणकारी असल्याचे नोंदवले, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिला पर्याय म्हणून तयार झालेले डायथ्रॅनॉल आजही सोरायसिससाठी वापरले जाते. गजकर्णापुरते बोलायचे तर गोवा पावडर प्रभावी होती, मात्र ती कपड्यांवर आणि कातडीवर न जाणारे डाग पाडी आणि हात चुकून डोळ्याला लागला तर डोळा सुजून येई.

कन्हानच्या संदर्भात छावणीचा विषय टाळता येत नाही. १८२१ साली इंग्रजांनी कन्हान नदीच्या उजव्या तीरावर कामठीची छावणी वसवली आणि तेथे प्रामुख्याने मद्रास सैन्याच्या पलटणी राहू लागल्या. लोकरी आणि जाड सुती गणवेशात नागपूरचा उन्हाळा काढणाऱ्या शिपायांच्या जांघेत गजकर्ण उठणे स्वाभाविकच होते, आणि भारतातील छावण्यांमधून या विकाराला इंग्रजीत ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज, हे नाव रूढ झाले. पॅट्रिक मॅन्सन यांच्या १८९८ सालच्या उष्ण कटिबंधातील रोगांवरील ग्रंथातही ते आढळते. साहेबाचे कपडे नदीवर नेऊन ते इतरांच्या कपड्यांबरोबर धुणारा धोबी रोग घेऊन येतो, असा त्यामागचा समज होता. विदर्भात वरठी आणि अन्यत्र परीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजाची धुण्याची पद्धत पाहिली तर तो समज किती अन्यायाचा होता हे कळते. मळके कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवले जात, मग दगडावर आपटून कडक उन्हात वाळवले जात, आणि खार, वाफ व ऊन या तिन्हींमध्ये बुरशीचा टिकाव लागणे कठीणच. मेहनताना वाचवण्यासाठी थंड पाण्यात बुचकळून सावलीत वाळत टाकलेले कपडे आणि बराकीत एकमेकांचे वापरलेले पंचे यांचा वाटा धोब्यापेक्षा बराच मोठा असणार.

धोब्यावर एक दोष मात्र खरोखर येतो. कपडे कोणाचे हे ओळखण्यासाठी तो बिब्ब्याच्या रसाने त्यांवर काळी खूण करी, आणि त्या रसाने काहींच्या त्वचेवर फोड उठत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमक्या खुणेच्या जागी उठलेल्या अशा चट्ट्यांचे वर्णन त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली प्रसिद्ध केले. तो बुरशीचा रोग नव्हता. तरीही विदर्भाच्या जंगलांतून मिळणारा हाच बिब्बा काही घरांत नायट्यावर लावला जाई, त्याच्या जोडीला मोरचूद, चुना किंवा रॉकेलही चाले, आणि बुरशीपेक्षा भाजलेली कातडी बरी होण्यास अधिक दिवस लागत. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा आज सर्रास आढळणारा समज या इतिहासाला मुळीच धरून नाही.

गजकर्णाचे कारण बुरशी आहे हे युरोपात १८४० च्या दशकात ग्रुबी आणि मालमस्टेन यांच्या सूक्ष्मदर्शकाखालील कामातून स्थिरावले, पण उपचारात त्याने दीर्घकाळ फारसा फरक पडला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या आर्थर व्हिटफिल्ड यांनी बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक या दोन आम्लांचे मलम सुचवले. ते सरकारी दवाखान्यांतून वर्षानुवर्षे दिले गेले, आणि कातडी सोलून बुरशीला हुसकावण्याचे त्याचे तत्त्व आंबट ताकातील लेपाहून मुळात वेगळे नव्हते. खरा बदल घडला तो १९५८-५९ च्या सुमारास, जेव्हा ग्रिसिओफुल्विन हे पोटात घ्यायचे पहिले परिणामकारक औषध माणसांवर वापरले जाऊ लागले. पुढे क्लोट्रिमॅझोलसारखी मलमे आणि १९९० च्या दशकात टर्बिनाफिन आले, आणि गजकर्ण हा किरकोळ, दोन-चार आठवड्यांत निकालात निघणारा विकार समजला जाऊ लागला.

हा समज फार टिकला नाही, आणि त्याचे एक मोठे कारण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ट्यूबमध्ये आहे. त्यांपैकी अनेकींत बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांच्या जोडीला तीव्र स्टिरॉइड, म्हणजे शरीराची दाहाची प्रतिक्रिया दडपणारे संप्रेरकासारखे द्रव्य, घातलेले असते. असे मलम लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, मलम थांबवले जाते, आणि दाहाचा अटकाव नाहीसा झाल्यामुळे आत फैलावलेली बुरशी काही आठवड्यांनी अधिक मोठ्या क्षेत्रावर वर येते, तीही कडा पुसट झालेल्या अशा रूपात की ती ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जावे. त्वचा पातळ होते आणि जांघेत कायमचे वळ उमटतात. हा दुकानातून आणलेला उपचार असला तरी त्याची रीत पूर्णपणे घरगुती आहे, कारण ट्यूब शेजाऱ्याच्या सांगण्यावरून येते, घरातील सगळे तीच वापरतात आणि ती कधी थांबवायची हे अजूनही खाजच ठरवते. तरोट्याच्या लेपाच्या काळात कामी आलेली मोजपट्टी येथे फसते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना मिळालेली सूट काढून त्यांना चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या अनुसूची ‘एच’मध्ये आणले. तोवर बुरशीही बदलली होती. देशभरातील रुग्णांत टर्बिनाफिनला दाद न देणारा एक प्रकार प्रबळ झाला होता. ज्या विकरावर हे औषध आघात करते त्याच्या जनुकातील बदल हे त्याचे कारण होते, आणि २०२० साली जपानी संशोधकांनी त्याला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे दोन रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी एकीने अलीकडे परदेश प्रवास केलेलाच नव्हता. अशा संसर्गात आता बहुधा इट्राकोनॅझोल ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे दिली जाते, डाग दिसेनासे झाल्यावरही मलम आणखी काही काळ चालू ठेवले जाते, घरातील बाधित माणसांवर एकाच वेळी उपचार होतात, आणि कपडे, पंचे व चादरी वेगळ्या ठेवून गरम पाण्यात धुण्यास व उन्हात वाळवण्यास सांगितले जाते.