रिझल्ट सेट, एकाहून अधिक

डेटाबेसमधील स्टोअर्ड प्रोसिजर एकदाच बोलावल्यावर ओळींचे दोन किंवा अधिक गट परत देऊ शकते. असा प्रत्येक गट म्हणजे एक रिझल्ट सेट. कोरेगाव तालुक्यातील शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. उतारा एकच दिसला तरी तो दोन नमुन्यांचा असतो : गाव नमुना सात अधिकार अभिलेखाचा, बारा पिकांच्या नोंदींचा. खातेदार ३ आणि पिकांच्या ओळी १० असतील, तर दोन्ही तक्ते केवळ गटक्रमांकावर जोडल्यास ३० ओळी होतात. म्हणून दोन स्वतंत्र सिलेक्ट लिहिणेच योग्य.

वेब कोडने पहिला संच पुरता वाचून पुढच्याकडे वळावे. त्यासाठी एडीओ डॉट नेटमध्ये नेक्स्टरिझल्ट, पीएचपीच्या पीडीओत नेक्स्टरोसेट आणि जावाच्या जेडीबीसीत गेटमोअररिझल्ट्स आहे. मायएसक्यूएल अखेरीस एक स्थितिदर्शक निकालही पाठवते. तो न उचलता त्याच कनेक्शनवर पुढची क्वेरी धाडली, की ‘कमांड्स आउट ऑफ सिंक’ ही त्रुटी येते, आणि नवखा माणूस चूक भलतीकडेच शोधत बसतो.

संचांना नाव नसते, फक्त क्रम असतो. प्रोसिजरमधले सिलेक्ट कोणी वरखाली केले, तर पिकांच्या जागी खातेदार उतरतात.