केर्न जिंकली, पण पैसे कुणाला मिळाले?

आजची गोष्ट तेलाची आहे, पण सुरुवात उसापासून करू.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, 'शेअर' हा शब्द मोबाइलच्या अ‍ॅपमधून आलेला नाही. तो आला साखर कारखान्यातून. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. १९५०-५१ ला त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. भांडवलासाठी शेतकऱ्यांनी शेअर घेतले. त्या सभासदाला आपला कारखाना कुठे आहे, चेअरमन कोण आहे आणि तक्रार कुठल्या सभेत मांडायची हे ठाऊक होतं.

आता तुमचं डीमॅट खातं उघडा. त्यातल्या एखाद्या कंपनीचं उद्या सरकारशी भांडण लागलं, तर तुम्ही नेमके कुठे उभे असाल? केर्नची गोष्ट त्यासाठीच ऐकायची.

नाव एक, कंपन्या दोन

केर्न एनर्जी ही स्कॉटलंडमधल्या एडिंबराची कंपनी. जानेवारी २००४ मध्ये तिला राजस्थानच्या बाडमेरमध्ये 'मंगला' हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. २००६ मध्ये तिने भारतातला सगळा व्यवसाय 'केर्न इंडिया' या नव्या कंपनीकडे दिला आणि डिसेंबरमध्ये आयपीओ आणला. भाव होता १६० रुपये. जानेवारी २००७ मध्ये शेअर बाजारात आला तो १६० च्या खालीच.

समजा, श्रीरामपूरच्या कुणीतरी तेव्हा १०० शेअर घेतले. १६,००० रुपये गेले. त्याच्याकडे शेअर आले ते केर्न इंडियाचे, एडिंबराच्या केर्न एनर्जीचे नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. २०११ च्या अखेरीस वेदांत समूहाने केर्न इंडियाचा ताबा घेतला. जुन्या मालकाकडे, म्हणजे केर्न एनर्जीकडे, पुढे साधारण १० टक्के शेअर उरले.

पन्नास वर्षं मागे जाणारा कायदा

२० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला. परदेशातल्या कंपनीचे शेअर परदेशातच विकले गेले, तर इथला प्राप्तिकर लागत नाही, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या अर्थसंकल्पातून कायदाच बदलला गेला, आणि तोही १ एप्रिल १९६२ पासून लागू धरून! सामना संपल्यावर नियम बदलायचे आणि जुना निकालही फिरवायचा, असं झालं ते.

या बदलाच्या आधारे प्राप्तिकर खात्याने केर्नचा २००६ चा व्यवहार उकरून काढला. जानेवारी २०१४ मध्ये केर्न एनर्जीला तिचे उरलेले शेअर विकायला मनाई झाली. पुढच्या वर्षी १०,२४७ कोटी रुपयांची मागणी आली. केर्न इंडियालाही वेगळी नोटीस गेली. तुम्ही मूळ कंपनीला पैसे देताना कर का कापला नाही, म्हणून व्याजासकट सुमारे २०,४९५ कोटी भरा!

आता आपल्या श्रीरामपूरकराचा विचार करा. २००६ च्या त्या व्यवहारात त्याचा काही हात नव्हता. त्याने फक्त आयपीओचा फॉर्म भरला होता. आता त्याच्या कंपनीच्या डोक्यावर वीस हजार कोटींची टांगती तलवार. वर २०१४ च्या मध्यापासून कच्च्या तेलाचे भावही कोसळले.

दाद कुठे मागायची?

केर्न एनर्जीकडे एक वाट होती. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९४ मध्ये गुंतवणुकीच्या संरक्षणाचा करार झाला होता. त्यानुसार ती २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. गावात बांधाचं भांडण दोघांनी मान्य केलेल्या पंचांकडे जातं, तसंच हे. फक्त इथले पंच नेदरलँड्समधल्या हेग शहरात बसले.

तो करार परदेशी गुंतवणूकदारासाठी होता. इथल्या छोट्या भागधारकाला त्यातून काही मागता येत नव्हतं. त्याने फक्त बातम्या वाचायच्या. आणि वाचता वाचता त्याचा शेअरही गेला. एप्रिल २०१७ मध्ये केर्न इंडिया वेदांतमध्ये विलीन झाली. एका शेअरच्या बदल्यात वेदांतचा एक शेअर आणि १० रुपये दर्शनी किमतीचे चार प्रेफरन्स शेअर मिळाले.

२१ डिसेंबर २०२० रोजी लवादाने एकमताने निकाल दिला. भारताने केर्न एनर्जीला १.२ अब्ज डॉलर, शिवाय व्याज आणि खर्च द्यावा. सरकार लगेच देईना. मग केर्नने न्यूयॉर्कमध्ये एअर इंडियावर दावा लावला. पॅरिसमध्ये भारत सरकारच्या मालकीच्या सुमारे वीस मालमत्तांवर तिथल्या न्यायालयाकडून टाच आणली.

शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने नवा कायदा करून २०१२ पूर्वीच्या व्यवहारांवरची ही करमागणी मागे घेतली. अट अशी, की कंपन्यांनी सगळे खटले सोडायचे आणि व्याज मागायचं नाही. केर्न इंडियावरची जुनी मागणी आता वेदांतकडे आली होती. तीही याच वाटेने मिटली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ७,९०० कोटी रुपये परत गेले. कुणाकडे? एडिंबराच्या कंपनीकडे. तोवर तिने नावही बदलून कॅप्रिकॉर्न एनर्जी केलं होतं. त्यातले ७० कोटी डॉलरपर्यंत आपल्या भागधारकांना द्यायचं तिने ठरवलं. ते भागधारक लंडनच्या शेअर बाजारातले. 'केर्न जिंकली' ही बातमी वाचून जुना केर्न इंडियावाला खूश झाला असेल, पण त्या पैशात त्याचा एक रुपयाही नव्हता.

परत उसाकडे

असंच एक भांडण आपल्या घराजवळही झालं. सहकारी कारखाने ठरलेल्या किमान भावापेक्षा उसाला जास्त पैसे देत. कारखाने म्हणत, हा आमचा खर्च आहे. प्राप्तिकर खातं म्हणे, हे नफ्याचं वाटप आहे, कर भरा. वर्षानुवर्षं मागणी फुगत गेली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्या जादा रकमेत नफ्याचा भाग किती, ते प्रत्येक प्रकरणात तपासा. २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांची ही देणी खर्च म्हणून धरायची सोय झाली. सुमारे १०,००० कोटींचा दिलासा, असं सरकारने सांगितलं.

दोन्हीकडे वाद जुन्या वर्षांच्या कराचा होता, आणि दोन्हीकडे शेवट कायदा बदलून झाला. साखरेतला दिलासाही आधी कारखान्याच्या हिशोबात जमा होतो. तिथून सभासदाच्या हातात काय येतं, हे सभेत विचारावं लागतं. सभासदाला निदान ती सभा गाठता तरी येते.

तेव्हा पुढच्या वेळी 'अमुक तेल कंपनीने सरकारविरुद्ध खटला जिंकला' असं नोटिफिकेशन आलं, तर खरेदीचं बटण दाबण्याआधी तीन गोष्टी बघा. खटल्यात कंपनीचं पूर्ण नाव काय आहे? तुमच्याकडे त्याच कंपनीचा शेअर आहे का? आणि पैसे खरंच मिळालेत, की नुसता निकाल लागलाय? केर्नच्या बाबतीत निकाल आणि पैसे यांच्यात चौदा महिने गेले होते.

घरी कारखान्याचा जुना शेअरचा कागद असेल, तर आज आजोबांना तो काढून दाखवायला सांगा. त्यावर कंपनीचं पूर्ण नाव कुठे लिहिलंय, ते बघा. भेटूया पुढच्या भागात!