अमेरिकी नौदलाची जहाजबांधणी यंत्रणा : ब्युरो ते कमांड

अमेरिकी नौदलासाठी जहाजांचे आरेखन, बांधणी, खरेदी आणि देखभाल ‘नेव्हल सी सिस्टिम्स कमांड’ अर्थात ‘नावसी’ ही संस्था करते. तयार होणाऱ्या जहाजासाठी अंतिमतः उत्तरदायी कोण, या प्रश्नातून तिची आजची रचना घडत गेली आहे.

अमेरिकी काँग्रेसने १८४२ साली नौदल आयुक्त मंडळ रद्द करून कामांच्या विभागणीनुसार पाच ब्युरो स्थापन केले. वाफेच्या इंजिनांचा वापर वाढल्यानंतर १८६२ मध्ये ब्युरोंची संख्या आठ झाली. जहाजाची बांधणी व दुरुस्ती एका ब्युरोकडे, तर इंजिनांची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविण्यात आली.

या विभागणीतील दोष १९३९ मध्ये उघड झाला. सिम्स वर्गातील ‘अँडरसन’ ही नवी विनाशिका नियोजित वजनापेक्षा जड असून वरच्या भारामुळे तिचा समतोल धोक्यात असल्याचे आढळले. यंत्रसामग्रीच्या वजनाचा इंजिन ब्युरोचा अंदाज चुकला होता. तो वेळीच दुरुस्त करण्याचा पुरेसा अधिकार मात्र बांधणी ब्युरोला नव्हता. अखेर २० जून १९४० रोजी दोन्हींचे विलीनीकरण होऊन ‘ब्युरो ऑफ शिप्स’ अस्तित्वात आला. दुसऱ्या महायुद्धातील ताफ्याच्या प्रचंड विस्ताराची धुरा त्यानेच सांभाळली.

याच ब्युरोच्या कार्यकाळात, १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही आण्विक पाणबुडी खोल पाण्यातील चाचणीदरम्यान अटलांटिक महासागरात बुडाली आणि तिच्यातील सर्व १२९ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सबसेफ’ हा सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. पाणबुडीत पाणी शिरू न देणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाची निर्दोषता कागदोपत्री पुराव्यानिशी सिद्ध करणे त्याद्वारे बंधनकारक झाले.

ब्युरो ऑफ शिप्सच्या जागी १९६६ मध्ये ‘नेव्हल शिप सिस्टिम्स कमांड’ आली. जहाजे आणि शस्त्रास्त्रे यांचे कामकाज मात्र वेगळेच राहिले. १ जुलै १९७४ रोजी शस्त्रास्त्रविषयक कमांडशी तिचे विलीनीकरण होऊन ‘नावसी’ची स्थापना झाली.

अशा रीतीने विखुरलेली जबाबदारी एका छत्राखाली आली. तरीही सबसेफमध्ये प्रकल्प व्यवस्थापन, तांत्रिक निर्णय आणि सुरक्षा तपासणी ही कामे हेतुपुरस्सर परस्परांपासून स्वतंत्र ठेवण्यात आली आहेत. या कार्यक्रमाचे प्रमाणपत्र मिळालेली एकही अमेरिकी पाणबुडी आजवर बुडालेली नाही.