हॅलक्स व्हॅल्गस

हॅलक्स व्हॅल्गस हा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्याचा विकार आहे. इंग्रजी बोलीत त्याला ‘बनियन’ म्हणतात. मराठीत मात्र हा शब्द गंजीफ्रॉकासाठी रूढ आहे. या विकारात अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि त्यामागचे मेटाटार्सल हाड उलट दिशेला सरकते. पावलाच्या आतल्या कडेला दिसणारा उंचवटा हे नवे वाढलेले हाड नसून मुख्यतः या सरकलेल्या हाडाचे टोक असते. त्यावर पादत्राण घासल्याने सूज व वेदना होतात. उभे राहून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अंगठ्याचा कल १५ अंशांहून अधिक असल्यास विकृती मानली जाते.

शस्त्रक्रियेविना उपचार

पुढून रुंद, वरून मऊ व कमी टाचेचे पादत्राण हा पहिला उपचार होय. उंचवट्यावरील मऊ गादी, बोटांमधील सिलिकॉनची पट्टी, बर्फाचा शेक आणि वेदनाशामके यांनी आराम मिळतो. मात्र यांपैकी कशानेही वाकलेला अंगठा कायमचा सरळ होत नाही. रात्री बांधण्याच्या पट्ट्यांबाबत जाहिराती तसा दावा करीत असल्या, तरी त्याला भक्कम आधार नाही. मधुमेहींनी गादी किंवा पट्टी घट्ट बसवू नये. बधिर पावलावर नकळत जखम होऊ शकते.

शस्त्रक्रिया

वरील उपायांनंतरही चालणे वेदनादायक राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ पाऊल सुंदर दिसावे म्हणून ती सहसा सुचवली जात नाही. शंभराहून अधिक पद्धती वर्णिलेल्या आहेत, यावरूनच सर्वांना लागू पडणारी एकही नाही हे दिसते. नुसता उंचवटा तासल्यास विकृती पुन्हा उद्भवते, म्हणून हाड कापून योग्य जागी स्क्रूने बसवतात. सौम्य ते मध्यम विकृतीत शेव्हरॉन, त्याहून अधिक असल्यास स्कार्फ छेद घेतात. हाडाच्या मागील टोकाचा सांधा सैल असल्यास तो लॅपिडस पद्धतीने जोडतात. झिजलेला अंगठ्याचा सांधा कायमचा सांधून टाकल्यास वेदना थांबते, पण त्याची हालचालही थांबते.

फिनलंडमधील २०९ रुग्णांच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरीस शेव्हरॉन शस्त्रक्रियेचा गट इतरांपेक्षा सरस ठरला. बुटात घालायच्या आधारांचा फायदा अल्पकाळच टिकला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे विशेष पादत्राण वापरावे लागते आणि सूज कित्येक महिने राहू शकते. जंतुसंसर्ग, बधिरता, सांध्याचा ताठरपणा व विकृतीची पुनरावृत्ती हे धोके आहेत. धूम्रपानामुळे हाड जुळण्यास विलंब होतो. मुलांमध्ये हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रिया शक्यतो लांबवतात.

सांधा अचानक लाल व गरम होऊन असह्य दुखू लागल्यास गाउट किंवा जंतुसंसर्गाची शक्यता आधी तपासली जाते.