दगड, ठसा आणि छायाचित्र : नाणेघाटाच्या लेखाची नक्कल

#थ्रेड #इतिहास #नाणेघाट

१/ कोकणातून जुन्नरकडे जाणारी नाणेघाटाची प्राचीन वाट ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, वैशाखरे गावाजवळ चढू लागते. माथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, सातवाहनकालीन लेणे आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील दीर्घ प्राकृत लेख कोरलेला असून त्यात यज्ञांची व दक्षिणांची नोंद आहे.

२/ याच लेण्याच्या मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावे दिसतात. खाली पावलांचे अस्पष्ट अवशेष. नावे उरली, चेहरे गेले. लेखाची अक्षरेही झिजत आहेत. म्हणून प्रश्न असा : आज घेतलेली नक्कल शंभर वर्षांनी कितपत विश्वासार्ह ठरेल?

३/ १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. तेव्हा ब्राह्मी कोणालाच वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ मध्ये. अशा काळात हाताने उतरवलेल्या नकलेत एक धोका अटळ होता. अक्षराची रेघ कोणती आणि दगडाची भेग कोणती, हे नक्कल करणाऱ्याचा डोळाच ठरवी.

४/ पुढे ठशाची पद्धत रुळली. ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकायचा व वरून शाई फिरवायची. ठशात अक्षर आणि भेग दोन्ही उमटतात. निवाडा वाचकाकडे राहतो. भगवानलाल इंद्रजी यांनी येथील अंकांचा अभ्यास केला, तर ब्यूलर यांनी १८८३ मध्ये लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. या अंकांत शून्याचे चिन्ह नाही. अशा ठिकाणी एका रेघेने संख्या बदलते.

५/ डिजिटल छायाचित्रणातही हाच भेद आहे. रॉ फाइल म्हणजे ठसा : सेन्सरने टिपलेली, बहुधा १२ किंवा १४ बिटची नोंद. १४ बिटमध्ये प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या केवळ २५६. लेण्याच्या अंधाऱ्या भिंतीवरील पुसट अक्षर नेमके या हरवलेल्या पायऱ्यांत असू शकते.

६/ १९९२ चे जेपेग मानक फाइल लहान करण्यासाठी चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि सूक्ष्म तपशील गाळते. बदल करून पुन्हा सेव्ह केले की आणखी गळती होते. पाठवण्यासाठी व पाहण्यासाठी जेपेग उत्तम. मूळ दप्तर म्हणून अपुरे.

७/ संपादनाआधी प्रकाश. समोरून मारलेला फ्लॅश अक्षरे सपाट करतो. बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास खोदीव रेघेत सावली पडते. ट्रायपॉड लावावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, दोन-तीन दिशांनी प्रकाश देऊन चित्रे घ्यावीत. अक्षरांत खडू किंवा रंग कधीही भरू नये. ते मूळ दगडाचेच संपादन होय आणि त्याला ‘अनडू’ नाही.

८/ क्रम असा असावा : रॉ फाइल जशीच्या तशी जपावी. रॉ संपादकातील बदल वेगळे नोंदले जातात, मूळ फाइल अबाधित राहते. अभ्यासाची प्रत १६ बिट टिफमध्ये काढावी आणि त्यातून प्रसारासाठी जेपेग. फोनची ‘तीक्ष्णता’ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘सुधारणा’ नसलेल्या कडा निर्माण करू शकते. ही तर १८२८ चीच अडचण : यंत्र भेगेलाही अक्षर समजते.

९/ मुरबाडशेजारच्या शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याला हेच लागू पडते. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीसाठी अखेरचा लढा येथेच दिला. दर पावसाळ्यात अशा किल्ल्यांचे दगड सैल होतात. बुरूज कधी ढासळला, हे दिनांकित छायाचित्रांवरून ठरवता येते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या चित्रातून दिनांक व स्थळ सांगणारा मेटाडेटा निघून जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल पोहोचते.

१०/ आणि प्रत एकच नको. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला लंडनला पाठवण्यात आल्या. १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. दोन निरनिराळ्या डिस्कवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम त्या राखेतून शिकावा.

११/ नाणेघाटाच्या लेखावर अजूनही वाद होतात, कारण अभ्यासकांना मागे जाऊन पुन्हा पाहता येते. उद्याच्या अभ्यासकालाही ती सोय हवी. आजचे आपले वाचन चुकू शकते. जपलेली मूळ नोंद ती चूक दुरुस्त करू देते. (समाप्त)