नानासाहेबांना कोणी पाहिले?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर या गावी इतिहासाच्या अभ्यासकाला दोन प्रकारच्या साक्षी एकाच शिवारात भेटतात. एक साक्ष दगडाची, म्हणजे तेथील पुरातन बारवांची, ज्यांच्या पायऱ्या मोजून आणि चिऱ्यांची घडण न्याहाळून काही ना काही निश्चित बोलता येते. दुसरी परंपरेची, जी गावाचे नाते थेट वाल्मीकि ऋषींशी जोडते आणि जिला पुराव्याची गरज कधी भासलीच नाही. दोन्ही आपापल्या जागी आदरणीय आहेत, परंतु त्या एकाच मापाने तोलता येत नाहीत. आणि हा विवेक ज्या प्रकरणात मराठी माणसाला सर्वांत जड गेला, ते प्रकरण म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब पेशवे यांचे परमुलखात नाहीसे होणे.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. १८२७ साली दत्तक गेलेल्या नानासाहेबांना बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १८५१ साली, सालीना आठ लाखांचे पेन्शन नाकारण्यात आले. १८५७ च्या जूनमध्ये कानपुरास त्यांच्या नावाने पेशवाईचा पुकारा झाला आणि जुलैत हॅवलॉकच्या फौजेने ते शहर परत घेतले. पुढे अयोध्येच्या मुलखात झुंजत, एक लाख रुपयांच्या इनामाचा इश्तिहार डोक्यावर असताना, १८५९ च्या सुमारास ते नेपाळच्या तराईत उतरले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या नावाची पत्रे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती आली. त्यानंतर मात्र त्यांच्या हयातीचा सर्वमान्य असा कागद दफ्तरांत आढळत नाही. आढळतात त्या केवळ जबान्या.

पहिली जबानी खुद्द नेपाळ दरबारची. १८५९ च्या सप्टेंबरात तराईच्या ज्वराने, ज्याला त्या मुलखात ‘औल’ म्हणतात, नानासाहेबांचा अंत झाला, असे जंगबहादुर राण्याच्या दरबाराने काठमांडूच्या इंग्रज रेसिडेंटास कळविले. ही साक्ष घटनेला सर्वांत निकटची, म्हणून वजनदार. परंतु साक्षीदाराचा हितसंबंध पाहिला की तिचे वजन घटते. १८५८ मध्ये लखनौच्या मोहिमेत इंग्रजांना गुरख्यांची कुमक देणारा आणि १८६० मध्ये त्याच्या मोबदल्यात पश्चिम तराईचा प्रदेश परत मिळविणारा हा मुत्सद्दी शरणागताला इंग्रजांच्या हवाली करण्याची नामुष्कीही टाळू पाहत होता, आणि कंपनीचे राज्य जाऊन आलेल्या राणीच्या सरकारची नाराजीही. फरारी इसम मरण पावला, ही एकच वार्ता अशी होती की जिच्यामुळे दोन्ही प्रश्न एकदम मिटत होते. शिवाय, ज्याने नानासाहेबांना ओळखावे असा इंग्रजांचा कोणी माणूस त्या प्रेतापाशी नव्हता. साहजिकच सरकारचा संशय फिटला नाही, आणि संशय जिवंत राहिला तसे नानासाहेबही लोकांच्या जिभेवर जिवंत राहिले.

मग अटकांचे सत्र सुरू झाले, आणि ओळख पटविणाऱ्यांची ही दुसरी साक्ष. १८६३ साली अजमेरास एका इसमास नानासाहेब समजून धरण्यात आले व तो दुसराच निघाला. १८७४ च्या ऑक्टोबरात तर प्रत्यक्ष जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीस एका मनुष्यास पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. पेशव्यांच्या जुन्या सरदाराच्या वंशजाने पेशव्यास ओळखावे, याहून सबळ साक्ष कोणती, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि ग्वाल्हेरचा किल्ला त्या काळी इंग्रजांच्या ताब्यात होता व तो परत मिळावा ही महाराजांची उत्कट इच्छा होती, हे ध्यानात घेणाऱ्याला ही ओळख निर्हेतुक मानणे कठीण जाते. कैद्याला कानपुरास नेऊन, नानासाहेबांना पूर्वी पाहिलेल्या लोकांसमोर उभे करून शहानिशा झाली आणि हा तो नव्हे असाच निर्णय झाला. पुढे काठेवाडात कोण्या तरुण अंमलदाराने एका वृद्ध साधूला पकडून वरिष्ठांना तार केली व ‘ताबडतोब सोडून द्या’ एवढेच उत्तर आले, असे सांगतात. ते खरे असेल तर एवढेच सिद्ध होते की तोवर सरकारला खऱ्या नानासाहेबांचीही गरज उरली नव्हती.

तिसरी साक्ष श्रद्धेची. गोंदवलेकर महाराजांच्या के. वि. बेलसरेकृत चरित्रात नानासाहेब नैमिषारण्यात दीर्घकाळ राहिले व १९०६ साली तेथेच निवर्तले, असे येते. हे महाराज येहळेगावच्या तुकामाईंचे शिष्य, आणि येहळेगाव एकेकाळी परभणी जिल्ह्यातच मोडणारे. त्यामुळे या भागातल्या भाविकांच्या कानी ही कथा घरची म्हणून येते. परंतु ती ज्या हेतूने सांगितली गेली तो संताचे माहात्म्य वर्णिण्याचा होता, हुलिया पडताळण्याचा नव्हे. न्यायाधीशाने तिला न मागितलेली कामगिरी सांगू नये.

आपल्याच इतिहासात याचा धडा आधी मिळालेला होता. पानिपतावर सदाशिवरावभाऊंचे शव शोधून ओळखल्याचे काशीराज पंडितासारख्या समकालीनाने लिहून ठेवले. तरीही सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून पुढे आला, कैदेतून सुटून १७७६ साली त्याने कोकणातले किल्ले घेतले, आणि आंग्र्यांच्या हाती सापडून पुण्यास देहदंड होईपर्यंत हजारोंनी त्याला मुजरे केले. त्या हजारोंनी भाऊंना पाहिले नव्हते. त्यांनी आपली इच्छा पाहिली होती. साक्षीदारांची संख्या हे साक्षीचे वजन नव्हे, ही गोष्ट येथे पुरती उघड होते.

तेव्हा साक्ष तोलताना चार प्रश्न विचारावेत: सांगणाऱ्याने त्या मनुष्यास पूर्वी जवळून पाहिले होते काय, पाहिल्यानंतर किती काळाने तो बोलला, त्याच्या बोलण्याने त्याचा कोणता लाभ होत होता, आणि दुसऱ्या स्वतंत्र साक्षीने त्याला दुजोरा मिळतो काय. या कसोटीला नेपाळ दरबारची जबानी अर्धीमुर्धी उतरते. बाकीच्या उतरत नाहीत. म्हणून १८५९ च्या उत्तरार्धात तराईतील ज्वराने नानासाहेबांचा अंत झाला असावा, हाच अनुमानाचा कौल ठरतो. मात्र तो संभवाचा कौल आहे, शाबितीचा नव्हे, आणि इतिहासग्रंथांनी तो तेवढ्याच शब्दांत नोंदवावा.