एका टोपल्यातली भाकरी

दिवाळीच्या सकाळी शेजारघरांतून फराळाची ताटे येऊ लागतात. वर विणलेला रुमाल असतो. पण एक तुकडा तोंडात टाकताच आमच्या घरातल्या बायका सांगतात, ही चकली अमक्यांकडची! अशा वेळी मला हटकून एक टोपले आठवते. त्यातली भाकरी कुणाच्या घरची, हे कुणालाच सांगता येत नसे.

ते टोपले राष्ट्र सेवादलाच्या शिबिरातले. त्याची हकीकत सांगायची, तर थोडे मागे जायला हवे.

परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाला लोकांनी जेवू घालावे, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्यात कितीतरी विद्यार्थी माधुकरी मागून, वार लावून शिकले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. रीत चांगली; पण तिला जातीचे कुंपण होते आणि खाणाऱ्याची मान खाली होती.

हे कुंपण मोडले कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीला बसू लागली. खेड्यापाड्यांतून मूठ मूठ धान्य येई. ते सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. मुले स्वतः राबत, म्हणून मान ताठ ठेवून जेवत.

पुढे ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवादल उभे राहिले. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख. शाळा सुटली, की संध्याकाळी मैदानावर शाखा भरे. खेळ, लेझीम, गाणी, गोष्टी. सुट्टीत शिबिरे होत. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. त्यांचा तो ध्यास शाखेतल्या पोरांपर्यंत पोचला होता.

मी शाखेत जाऊ लागलो तो १९६० नंतर. एका उन्हाळ्यात आमचे शिबिर एका खेड्यात भरले. मास्तरांनी शाळेच्या किल्ल्या दिल्या, कुंभाराने माठ दिले, कुणी गूळ, कुणी कंदील. आम्ही दिवसभर रस्त्याची माती उपसायची आणि तिन्हीसांजेला टोपले घेऊन गल्लोगल्ली भाकऱ्या गोळा करायच्या, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी गावातले एक वजनदार गृहस्थ येऊन म्हणाले, “पलीकडच्या वस्तीतल्या भाकऱ्या वेगळ्या ठेवा.”

आमच्या शिबिरप्रमुखांनी वाद घातला नाही. त्यांनी जमिनीवर धोतर पसरले, सगळी टोपली त्यावर पालथी केली आणि दोन्ही हातांनी भाकऱ्या खालीवर केल्या. मग शांतपणे म्हणाले, “काका, आता तुम्हीच निवडून द्या.”

गृहस्थ बराच वेळ बघत उभे राहिले आणि निघून गेले. त्यांच्या वाड्यातून पुढे एकही भाकरी आली नाही. आम्ही उपाशी राहिलो का? नाही. बाकीच्या घरांनी दोन-दोन जास्त थापल्या.

त्या वयात मला वाटले, आपण जिंकलो. आज वाटते, जिंकले ते गाव. शिबिर आमचे नव्हतेच. किल्ल्या देणाऱ्याचे, माठ देणाऱ्याचे आणि चुलीपुढे घाम पुसत दोन भाकऱ्या जास्त थापणाऱ्या बायांचे ते होते. देणाऱ्याने आपले नाव टोपल्यात विरघळू दिले, की दान उरत नाही, भागीदारी होते.

आज मुलांच्या शिबिरांना देणगीदार मिळतात, त्यांच्या नावांचे फलक लागतात. लागोत बापडे! देणाऱ्याने पोराची जात विचारली नाही म्हणजे झाले.

यंदा शेजारची ताटे आली, की साऱ्या चकल्या एकाच डब्यात ओतीन म्हणतो. घरात ओरडा होईल. होऊ दे!